कर्जाचा अर्ज करण्याआधी धंदा आपल्या नावावर आणा

माझ्या मिरची-मसाला कांडपाला तीन वर्षं होऊन गेली. खटाव तालुक्यातल्या आमच्या गावात, रस्त्याला लागून दहा बाय पंधराचा गाळा आहे. त्याआधी चार वर्षं मी बँक सखी होते. बचत गटातल्या महिलांची खाती उघडून देणं, कर्जाच्या फायली भरून घेणं, हप्ते थकले की घरी जाऊन बसणं, हे माझं काम. त्यामुळे अजूनही मिरचीचा डबा खाली ठेवता ठेवता कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, महिलांसाठी सध्या कुठली योजना आहे?"

मी योजनेचं नाव लगेच सांगत नाही. आधी विचारते, तुमच्या धंद्यातलं तुमच्या नावावर काय काय आहे? बहुतेक वेळा उत्तर येतं, "म्हणजे?"

हे विचारायचं कारण माझ्यावरच आलेल्या प्रसंगात आहे. मशिन घेण्याआधी मी तीन वर्षं घरी काळा मसाला करून विकत होते. महिन्याला वीस-पंचवीस किलो जायचा. कर्जासाठी पहिल्यांदा बँकेत गेले तेव्हा साहेबांनी माझं खातं उघडून पाहिलं आणि विचारलं, "विक्रीचे पैसे कुठे दिसत नाहीत?" ते दिसणार कसे? गिऱ्हाईक पैसे पाठवायचं ते घरातल्या क्यूआर कोडवर, आणि तो कोड होता माझ्या मालकांच्या खात्याचा. बरण्यांची बिलं दिराच्या नावावर, कारण गाडी घेऊन तेच जायचे. तीन वर्षं माझ्या हातांनी चाललेला धंदा कागदावर कुठेच नव्हता. अर्ज परत आला आणि मला त्यात बँकेची चूक वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या खात्याचा क्यूआर कोड काढून घेतला आणि जुना दारावरून उतरवला. पुढचे सहा महिने एकेक रुपया त्या खात्यात गेला. रोख आलेले पैसेही दर सोमवारी जाऊन भरले. सहा महिन्यांनी तेच पासबुक घेऊन त्याच टेबलापुढे बसले.

आधी हे कागद

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, घरबसल्या होते. १ जुलै २०२० पासून ही पद्धत सुरू आहे. आधार क्रमांक लागतो, कागद जोडावे लागत नाहीत आणि सरकारी संकेतस्थळावर एक रुपयाही लागत नाही. गुगलवर शोधलं की सरकारीसारखी दिसणारी खासगी पानं वर येतात आणि हजार-दीड हजार मागतात. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का तेवढं बघा. नोंदणी करताना मालक म्हणून तुमचंच नाव आणि तुमचाच मोबाइल नंबर द्या. ओटीपी नवऱ्याच्या फोनवर येत असेल तर पुढे प्रत्येक वेळी त्यांच्या घरी येण्याची वाट बघावी लागते.

जागा भाड्याची असेल तर भाडेकरार तुमच्या नावाने हवा. सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र लागतं. हे संमतीपत्र मागायला महिलांना फार जड जातं, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. कर्ज फिटलं नाही तर जागा जाईल, ही भीती मोठ्या माणसांना असते. त्यांना नीट सांगा की हे फक्त जागा वापरू देण्याचं पत्र आहे, यात जागा गहाण पडत नाही. मी सासऱ्यांना मजकूर दोनदा वाचून दाखवला, मग त्यांनी सही केली.

खाण्याचा पदार्थ विकणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेची, नोंदणी करा. छोट्या उत्पादकाला मोठा परवाना लागत नाही. दुकान-गाळ्यासाठी गुमास्ता, ज्याला आपण शॉप अ‍ॅक्ट म्हणतो, तोही ऑनलाइन होतो.

आणि सिबिल, म्हणजे आपण कर्ज कसं फेडतो ते सांगणारा आकडा. तो ३०० ते ९०० मध्ये असतो. प्रत्येक पत-माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो अर्जाआधी स्वतः काढून वाचा. माझ्या अहवालात दिरांच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला मी जामीनदार असल्याचं दिसलं. सही केल्याचं मी विसरूनही गेले होते. त्यांचे दोन हप्ते उशिरा गेलेले आणि डाग माझ्याही नावावर. ते हप्ते भरून होईपर्यंत मी अर्ज केला नाही. घाईने अर्ज करून नकार घेण्यापेक्षा दोन महिने थांबलेलं बरं.

पावसाळ्यातला हिशोब

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण फाइल इथेच अडते.

बँकेला प्रकल्प अहवाल लागतो. पहिल्या वेळी मी तो तीन हजार रुपये देऊन एकाकडून करून घेतला होता. छान बांधलेली पंधरा पानं. त्यात लिहिलं होतं, वर्षातले ३०० दिवस मशिन पूर्ण क्षमतेने चालेल. साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "मिरचीचा हंगाम किती महिने?" मी म्हणाले, फेब्रुवारी ते मे. त्यांनी फाइल मिटली. पंधरा पानांत काय लिहिलंय ते मला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी वहीत लिहिलं. आधी खर्च. मशिन मोटरसकट १,६०,०००. मसाला भाजायचा ड्रम ५५,०००. वजनकाटा आणि पाकीट बंद करायचं यंत्र १५,०००. थ्री-फेज वीज आणि वायरिंग ३०,०००. मिरची-धने आणून ठेवायला खेळतं भांडवल ६०,०००. एकूण ३,२०,०००. हे शेवटचे ६०,००० महिला हमखास विसरतात. मशिन येतं आणि माल भरायला पैसे नसतात, मग सावकार किंवा सोनं.

मग कमाई, हंगामाची वेगळी आणि बाकीची वेगळी. हंगामाचे चार महिने, महिन्याला पंचवीस दिवस, दिवसाला चाळीस किलो, किलोला ३० रुपये. झाले १,२०,०००. उरलेले आठ महिने दिवसाला दहाच किलो धरले. ६०,०००. शिवाय माझा स्वतःचा मसाला महिन्याला २५ किलो, किलोमागे १५० रुपये सुटतात, वर्षाचे ४५,०००. सगळे मिळून २,२५,०००. त्यातून वीज, हंगामातल्या मदतनीस बाईची मजुरी, भाडं आणि दुरुस्ती असे जवळपास ८०,००० गेले.

हप्ता मी धरला महिन्याला ४,२००. आता साहेबांना खरं काय बघायचं होतं, तर जुलै महिना. त्या महिन्यात कांडपाचे ७,५०० आणि मसाल्याचे ३,७५० येणार. वीज, भाडं, दुरुस्ती मिळून साडेतीन हजार जाणार. उरले ७,७०० च्या आसपास. त्यातून हप्ता गेला तरी साडेतीन हजार हातात राहतात. वर्षाचा नफा किती यापेक्षा सगळ्यात वाईट महिन्यात हप्ता कुठून येणार, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. शिवणकाम असेल तर पितृपक्ष, आइस्क्रीम असेल तर डिसेंबर, डबे असतील तर दिवाळीची सुट्टी. तो महिना तुम्हाला कुणापेक्षाही चांगला माहीत असतो, म्हणून अहवाल दुसऱ्याकडून टाइप करून घेतला तरी आकडे स्वतःचे घाला.

आमच्या शेजारच्या माण तालुक्यात, म्हसवडला, माणदेशी महिला सहकारी बँक आहे. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हांनी तिच्यासाठी परवाना मागितला तेव्हा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण पुष्कळ सभासद महिला अंगठा उठवणाऱ्या होत्या. त्या महिला लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. व्याजाचा हिशोब आम्ही तोंडी करून दाखवतो, असं त्यांनी तिथल्या अधिकाऱ्यांना सांगितलं. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. हिशोब जमत नाही असं कुणी म्हणालं की मी त्यांना ही गोष्ट सांगते. आठवडी बाजारात भाजी विकणारी बाई दिवसभर तोंडी हिशोबच करत असते, तो फक्त वहीत उतरवायचा आहे.

कुठला दरवाजा

किती पैसे लागणार यावरून ठरतं. मशिनच्या किमतीवरून योजना शोधा, योजनेच्या मोठ्या आकड्यावरून मशिन ठरवू नका.

पन्नास हजारांच्या आतलं काम असेल, म्हणजे शिलाई मशिन, शेवयांचं यंत्र, चार शेळ्या, तर आधी बचत गटाकडे बघा. ग्रामीण भागात उमेद, म्हणजे बचत गटांसाठीचं राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान आहे, आणि माविम, म्हणजे १९७५ पासूनचं महिला आर्थिक विकास महामंडळ आहे. गट नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लिखाण अशी पंचसूत्री पाळत असेल तर फिरता निधी मिळतो, मग समुदाय गुंतवणूक निधी, मग बँकेचं कर्ज. उमेदच्या गटाला तीन लाखांपर्यंतचं बँक कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं. दारावर येणाऱ्या खासगी मायक्रोफायनान्सचं व्याज वर्षाला वीस टक्क्यांच्या वर जातं. ते कर्ज लवकर मिळतं, हे खरं आहे. पण मी हप्ता वसूल करायला गेलेली घरं अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. एकाच घरात चार कंपन्यांची चार पुस्तकं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा या कर्जांसाठीचा नियम २०२२ पासून आहे. सही करण्याआधी हे गणित स्वतः करा.

एकट्याने कर्ज घ्यायचं असेल तर मुद्रा. ८ एप्रिल २०१५ ला ही योजना सुरू झाली. शिशु ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. तरुणचं कर्ज नीट फेडलेल्यांना २०२४ पासून तरुण प्लसमध्ये २० लाखांपर्यंत मिळू शकतं. तारण लागत नाही. पण मुद्रात अनुदान नसतं. पूर्ण रक्कम व्याजासकट फेडायची असते. "मुद्राचे पैसे परत द्यावे लागत नाहीत" असं सांगणाऱ्यांनी आमच्या भागात कितीतरी महिलांचं सिबिल बिघडवलंय.

अनुदान हवं असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी. माझं कांडप यातून झालं. अर्ज ऑनलाइन, आमच्यासाठी साताऱ्याच्या जिल्हा उद्योग केंद्रामार्फत. २०२२ च्या सुधारणेनंतर उत्पादनाला ५० लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. महिला विशेष प्रवर्गात येतात, मग जात कुठलीही असो. त्यामुळे स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे आणि अनुदान शहरात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के. माझ्या ३,२०,००० मध्ये माझे १६,०००, बँकेचे ३,०४,०००, आणि त्या कर्जातलेच १,१२,००० अनुदानातून फिटायचे. उद्योग नवीनच असावा लागतो, आणि नवरा-बायको मिळून एका कुटुंबाला एकदाच लाभ मिळतो. म्हणजे मालकांनी आधी घेतला असेल तर तुमचा दरवाजा बंद. घरात हे आधीच बोलून घ्या. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून साधारण याच धर्तीवर चालतो, तोही जिल्हा उद्योग केंद्रातच.

लोणची, पापड, मसाले, गूळ, बेकरी असं काही आधीपासून चालू असेल आणि वाढवायचं असेल तर सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना, पीएमएफएमई. पीएमईजीपीला नवा उद्योग लागतो, इथे जुनाही चालतो, हा मोठा फरक आहे. ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. गटातल्या महिलेला बीज भांडवल म्हणून ४०,००० पर्यंत मिळू शकतात. ही योजना कृषी विभागाकडे आहे. अर्ज भरायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, त्यांना तुम्ही पैसे द्यायचे नसतात. एकाच मशिनवर दोन योजनांचं अनुदान मात्र मिळत नाही.

पर्यटनात काही करायचं असेल, होमस्टे, टूर, खानावळ, तर पर्यटन विभागाचं 'आई' धोरण आहे. १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरलेल्या मर्यादेत परत मिळतं, आधी हप्ता वेळेवर भरायचा. नवकल्पनेवरची नोंदणीकृत स्टार्टअप कंपनी चालवणाऱ्या महिलांसाठी राज्याची पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजना आहे, १ ते २५ लाखांपर्यंतची. कंपनीत महिलेचा हिस्सा किमान ५१ टक्के लागतो.

योजनांच्या मुदती संपतात आणि वाढतात, वर्षाचं उद्दिष्टही भरतं. फाइल बनवण्याआधी एक चक्कर जिल्हा उद्योग केंद्रात मारा आणि यंदाचे अर्ज चालू आहेत का ते विचारा. तिथली माहिती फुकट असते.

बँकेच्या टेबलापुढे

एकट्या जा. सोबत कुणी आलं तरी बोलायचं तुम्हीच. मालक बोलायला लागले की साहेबांची नजर त्यांच्याकडे वळते आणि पुढचे सगळे प्रश्न त्यांनाच जातात. मी मालकांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं होतं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही, हे माझं भाग्य.

तारण मागितलं तर शांतपणे विचारा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यासाठी सरकारी हमी योजना आहेत. मशिन मात्र बँकेकडे नजरगहाण राहतं, म्हणजे वापरायचं तुम्ही, विकायचं नाही.

नकार मिळाला तर कारण लेखी मागा. कर्ज कितीही लहान असो, कारण लेखी द्यायचं असतं. लेखी कारण हातात आलं की काय दुरुस्त करायचं ते कळतं. लेखी तक्रार करूनही तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'कर्ज मंजूर' असं पत्र आलं, खाली शिक्का, सही, आणि प्रोसेसिंगचे तीन-चार हजार भरा असं लिहिलेलं, तर ते सरळ खोडून टाका. तुम्ही ज्या बँकेत अर्जच केला नाही ती कर्ज मंजूर कसं करेल?

कोटेशन घेताना जीएसटी क्रमांक असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या, कारण पैसे बँकेकडून थेट त्याच्या खात्यात जातात. शक्य असेल तर तेच मशिन चालवणाऱ्या एखाद्या बाईकडे जाऊन अर्धा दिवस बसा. मी कोरेगावकडच्या एका काकींच्या कांडपावर बसले होते. मिरचीची धूळ कुठे जाते, जाळी किती दिवसांनी बदलावी लागते, मोटर तापते का, हे कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. त्यांनीच सांगितलं की धूळ ओढणारा पंखा लावला नाही तर मे महिन्यात गिऱ्हाईक दारात उभं राहत नाही.

हाताला काम शिकायचं असेल तर आरसेटी, म्हणजे बँकांनी चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था गाठा. राहणं-खाणं-शिकणं सगळं मोफत, आणि शिकून झाल्यावर कर्ज मिळेपर्यंत पाठपुरावा करतात. लहान मूल असलेल्या महिलांनी आधी फोन करून मूल सोबत आणता येईल का ते विचारावं.

पैसे आल्यावर

पीएमईजीपीचं अनुदान हातात येत नाही. ते तीन वर्षं तुमच्या नावाने बँकेत ठेव म्हणून अडकवून ठेवतात. त्यावर तुम्हाला व्याज मिळत नाही आणि कर्जातल्या तेवढ्या रकमेवर बँकही व्याज लावत नाही. तीन वर्षांनी उद्योग खरंच चालू आहे का याची प्रत्यक्ष पाहणी होते, मग ते कर्ज खात्यात जमा होतं. मधेच मशिन बंद पडलं, विकलं किंवा खातं थकलं तर अनुदान हातचं जाऊ शकतं. म्हणून गाळ्यावर योजनेचा फलक आणि धंद्याचं नाव लावून ठेवा, वीजबिलं आणि खरेदीची बिलं एका पिशवीत जपा. पाहणीला आलेला माणूस वीजबिलांवरूनच पटकन ओळखतो.

ठेवीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. माझी तारीख मी गाळ्यातल्या कॅलेंडरवरही लाल पेनाने मारून ठेवली होती, आणि तीन वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अर्ज, बिलांची पिशवी आणि तेच पासबुक घेऊन बँकेत गेले.